कचऱ्याचे पाणी आणि शेजारधर्म

कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवली की आपले काम संपले, असे आपण सगळेच मानतो. टाकून दिलेली वस्तू आपली राहत नाही, हे खरे. पण तिच्यामुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते, ते तरी आपले राहते की नाही? या आठवड्यात या प्रश्नावर थोडा विचार करू या.

मुंबईचा कचरा देवनारला 1927 पासून टाकला जाऊ लागला. बोरिवलीच्या बाजूला गोराईची क्षेपणभूमी 1972 मध्ये सुरू झाली आणि 2007 मध्ये बंद झाली. मुलुंडच्या 24 हेक्टर जागेवर कचरा टाकणे ऑक्टोबर 2018 मध्ये थांबले. कांजूरमार्गला 2015 पासून गाड्या जाऊ लागल्या. या चारही जागा खाडीच्या काठावर आहेत. हा योगायोग नव्हे. खारफुटीची, दलदलीची जमीन कुणाच्याच कामाची नाही, असे शहराने धरून चालले. तिथे मासेमारी करणाऱ्या कोळी बांधवांना मात्र कुणी विचारले नाही.

आपल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो: भाजीची देठे, शिळे अन्न, माशांची खवले. हे ढिगात कुजते, त्यावर पावसाळ्याचे चार महिने पाणी पडते आणि खालून काळे, उग्र वासाचे पाणी पाझरू लागते. त्यात अमोनिया असतो, फेकलेल्या बॅटऱ्यांतले जड धातूही असू शकतात. ते खाडीत उतरले की त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. कचरा टाकणे बंद झाले तरी ढीग पुढे कित्येक वर्षे पाझरत राहतो. गाडी यायची थांबते, पाणी थांबत नाही.

कायद्याने याचा विचार केला आहे. 1974 साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. 2000 च्या घनकचरा नियमांनी नव्या क्षेपणभूमीच्या तळाशी माती आणि प्लास्टिकचे अस्तर बंधनकारक केले आणि पाझरणाऱ्या पाण्यालाही मर्यादा घातली. ते नदीनाल्यात सोडायचे तर बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर नको. सार्वजनिक गटारात सोडायचे तर 350 पर्यंत चालेल. पाणी तेच, मग आकडे दोन का? कारण ते कुणाकडे जाते, ते पाहून मर्यादा ठरली. नियमातला हा रुक्ष आकडा खरे तर शेजाऱ्याला दिलेला शब्द आहे: ‘यापेक्षा जास्त त्रास तुला देणार नाही.’

पण जुन्या क्षेपणभूमी उघड्या जमिनीवर उभ्या राहिल्या. जिथे तळाला अस्तर नाही आणि पाणी गोळा करणारी नळी नाही, तिथे मोजायचे कुठे आणि अडवायचे कुठे? दिलेला शब्द पाळला की मोडला, हे तपासायलाही आधी व्यवस्था लागते.

आता आपल्या नळाकडे पाहू. आपले पिण्याचे पाणी मुख्यतः तानसा, भातसा, वैतरणा या दूरच्या धरणांतून येते. त्या धरणांच्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एका शेजाऱ्याकडून स्वच्छ पाणी घ्यायचे आणि दुसऱ्या शेजाऱ्याच्या खाडीत काळे पाणी सोडायचे, हा व्यवहार न्यायाचा आहे का?

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या शहराचा कचरा कुठेतरी जाणारच. हे खरे आहे. कांजूरमार्गचेच उदाहरण घ्या. तिथली सुमारे 120 हेक्टर जमीन संरक्षित वनच आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शहराचा कचरा उद्यापासून कुठे न्यायचा, हा प्रश्न न्यायालयालाही टाळता येत नाही. पण ‘कुठेतरी’ हा शब्द फसवा आहे. त्या ‘कुठेतरी’ला कुणाचे तरी घर असते, कुणाचे तरी जाळे असते.

प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोरच्या खटल्यात मान्य केले. कारखाना असेल तर दोषी सापडतो. क्षेपणभूमीच्या बाबतीत प्रदूषण करणारा कोण? पालिकेला दंड झाला तरी तो आपल्याच करातून जातो आणि पिशवी पूर्वीसारखीच भरून दाराबाहेर येते. म्हणून आम्हांला वाटते, पालिकेकडे अस्तर, शुद्धीकरण आणि तपासणीचे जाहीर आकडे मागणे हा आपला हक्क आहे; पण ओला कचरा ढिगापर्यंत पोहोचू न देणे हे आपले कर्तव्य आहे. हक्क मागणाऱ्याने कर्तव्य टाळले, तर त्याच्या मागणीला वजन राहत नाही.

रोज 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावावी, असे पालिकेने 2017 मध्ये सांगितले. लहान सोसायट्यांना कुणी अडवलेले नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय काढता येईल. जे ओले तिथे पोहोचलेच नाही, ते पाझरणारही नाही.

शेजारधर्म म्हणजे भिंतीपलीकडच्या घरी वाटीभर साखर देणे एवढेच नव्हे. आपल्या घरातले पाणी जिथवर वाहत जाते, तिथवर आपला शेजार असतो.