गुडघा कोणाचा?

दुःखावर उपाय नसतो तोवर ते मुकाट्याने सोसणे हा सद्गुण ठरतो. उपाय निघाला म्हणजे मात्र हे सोसणे कोणाच्या इच्छेने चालले आहे, असा प्रश्न उभा राहतो. म्हातारपणीच्या गुडघेदुखीसंबंधाने आपली स्थिती आज नेमकी अशी झाली आहे.

भोर व वेल्हे (ज्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे) या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत सपाट जमीन थोडी व चढउतार फार. एकीकडे रोहिडा व रायरेश्वर, दुसरीकडे राजगड व सुमारे ४,६०० फूट उंचीचा तोरणा. रायरेश्वराच्या पठारावर तर वस्ती आहे, आणि वर जाणाऱ्यास अखेरीस लोखंडी शिडी चढावी लागते. अशा मुलखात पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची लावणी करणे, उतारावर नाचणीचे पीक घेणे, डोक्यावर सरपणाचा भारा आणणे व चुलीपुढे उकिडवे बसून भाकरी थापणे यांतच स्त्रीचा जन्म जातो. तिचा सर्व संसार गुडघ्यांवर उभा असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशी एखादी सत्तरीची वृद्धा वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. तिचे गुडघे वाकडे झाले आहेत, रात्री झोप नाही, देवळाची चार पावठणीही तिला डोंगराएवढी वाटतात. मुलगा मायेने म्हणतो, “आये, आता किती दिस राबशील? बसून खा.” ही वाणी प्रेमाची आहे, यात आम्हांस शंका नाही. पण ती ऐकून म्हातारी ओट्यावर बसते ती कायमचीच. आणि तिला बसावयाचे होते की नाही, हे कोणी विचारलेले नसते.

लोक म्हणतात, “वाटी झिजली.” वास्तविक झिजते ती वाटी नव्हे, तर मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा होय. तिच्यावर इलाज करण्याची धडपड जुनी आहे. १८९० साली बर्लिन येथे ग्लूक नामक शस्त्रवैद्याने क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा सांधा बसविला. पण जंतुदोषामुळे असे प्रयोग टिकले नाहीत. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे जो सांधा सिद्ध झाला, त्याच्या धर्तीवर आजचे पुष्कळसे सांधे आहेत. हाडांची झिजलेली टोके कापून मांडीच्या हाडावर धातूची टोपी व नडगीवर धातूची बैठक बसवितात, आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलीनची चकती घालतात. तो सांधा घडविणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत हे भारतीय शस्त्रवैद्य होते. त्यांनीच २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा व पुढील वर्षी उजवा गुडघा बदलला. वाजपेयींचे वय त्या वेळी पंचाहत्तर होते. त्यांस “आता बसून खा” असे कोणी म्हणाले नाही. कारण त्यांस पुष्कळ चालावयाचे आहे, हे सर्वांनी गृहीत धरले होते. वेल्ह्याच्या म्हातारीस कोठे चालावयाचे आहे, असे मात्र आपण मनात म्हणतो; आणि आमच्या मते अन्याय येथेच सुरू होतो.

कोणी म्हणेल, हा पैशाचा प्रश्न आहे, न्यायाचा नव्हे. पैशाची अडचण खोटी नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींस मर्यादा घातली, व जो सांधा पूर्वी दीड लाखाच्या वर पडत असे त्याची किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली. तरी रुग्णालयाचा खर्च, पुण्याच्या खेपा व घरातील एका माणसाची बुडणारी मजुरी हे उरतेच. नातवाचे शिक्षण की आजीचा गुडघा, असा पेच गरीब घरात खरोखर पडतो, आणि नातवाच्या बाजूने कौल देणाऱ्या घरास आम्ही निर्दय म्हणणार नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. या निवाड्यात जिचा गुडघा, तीच साक्षीला नसते.

यावर उत्तर येते, “आम्ही विचारले, तीच नको म्हणाली.” हे उत्तर आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ करते. जन्मभर सर्वांच्या मागून जेवलेली स्त्री “कशाला माझ्यावर खर्च?” असे म्हणते, तेव्हा ती आपली इच्छा सांगत नसून आपली सवय सांगत असते. तिचा नकार झटकन स्वीकारण्यात आपली सोय असते, म्हणून तो आपणांस त्याग वाटतो. दुसऱ्याच्या त्यागाने आपला खर्च वाचत असेल, तर तो त्याग दोनदा तपासून घ्यावा, असा नीतीचा साधा नियम आम्ही सुचवितो.

तथापि होकारही असाच तपासला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांची वेदना शमते व सांधा बहुधा १५ ते २० वर्षे किंवा अधिक काळ टिकतो; पण सुमारे पाचांतील एक रुग्ण समाधानी नसतो, कित्येक आठवडे कष्टाने व्यायाम करावा लागतो, आणि उकिडवे बसणे व जड ओझी उचलणे टाळावे, असे वैद्य सांगतात. म्हणजे ज्या लावणीसाठी तिला गुडघा हवा, ती लावणीच कदाचित सुटेल. हे आधी न सांगता तिला पुण्यास नेणे हीदेखील एक प्रकारची फसवणूकच. काठी, व्यायाम व औषध यांवर भागत असेल तर शस्त्राची घाई नको. आणि सर्व समजून ती “नको” म्हणाली, तर तो नकार खरोखर तिचा असेल, व त्यापुढे आपण मान तुकविली पाहिजे.

तेव्हा “खर्च करावा की नाही?” हा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न असा : “तुला कोठे जावयाचे आहे?” शेतावर, लेकीच्या घरी, वारीला, की केवळ रात्री झोप लागावी एवढेच? हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही; म्हातारीजवळ ओट्यावर घटकाभर बसावे लागते, एवढेच. ज्या घरात तो विचारला गेला, तेथे पुढे शस्त्रक्रिया होवो वा न होवो, त्या वृद्धेस माणूस म्हणून वागविले गेले. ज्या घरात तो विचारला गेला नाही, तेथे नवा गुडघा बसविला तरी निर्णय दुसऱ्याचाच राहिला.