पुढं बसणाऱ्याचं देणं

निफाडचा पारा किती घसरला, ही बातमी दर हिवाळ्यात छापून येते. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. आठ, सहा, एखाद्या वर्षी आणखी खाली. पण तो एका जागी असलेल्या थर्मामीटरचा आकडा. सहा अंशांच्या हवेत ताशी पन्नासनं गाडी हाणणाऱ्याच्या उघड्या कातडीला तेच शून्यासारखं लागतं. चांदोरीहून सातपूरच्या एमआयडीसीत सातच्या पाळीला पोचायचं, म्हणजे तीसेक किलोमीटर अंधारातून, गोदाकाठच्या धुक्यातून. एसटी त्या वेळेला जुळत नाही, कंपनीची बस ओझरकडून येते. म्हणून मोटारसायकल. ती माझी, मागं आमच्याच खात्यातला एक तरुण पोरगा, आणि पेट्रोल निम्मं निम्मं.

या निम्म्यावरच कँटीनमध्ये विषय निघाला.

“वारा सगळा मी खातो,” मी म्हणालो, “तू माझ्या पाठीआड. मग पैसे सारखे कसे?”

“गुडघे माझेही बाहेरच असतात नाना.”

“गुडघ्यांना पँट असते. तू हात खिशात घालून बसतोस, मला दोन्ही हात बाहेर ठेवावे लागतात. येताना अदलाबदल करू म्हणशील, तर साडेतीनला उन्हात सुटतो आपण. तेव्हा पुढं बसण्यात काय आहे? महाभारतातही बघ, सारथी पुढं. बाण आधी त्याच्यावर.”

“कृष्णानं अर्जुनाकडं पेट्रोल नव्हतं मागितलं.”

शेजारच्या टेबलावरचे हसले. मीही हसलो, पण मुद्दा सोडला नाही. एकाच्या त्रासावर दुसऱ्याला ऊब मिळत असेल तर दुसरा काहीतरी देणं लागतो, एवढं साधं माझं म्हणणं. पैशात नको, पण मान्य तरी करावं.

तो चहा संपेपर्यंत गप्प राहिला. मग म्हणाला, “तुम्ही गारठता हे मान्य. पण ते माझ्यासाठी सोसता असं मांडता, तिथं माझी हरकत आहे. तुमची बोटं गारठली की धोका कुणाला? ब्रेक तुमच्या बोटांत, जीव दोघांचा. म्हणजे तुमची थंडी तुमच्या एकट्याची राहतच नाही. मग मी देणं लागतो का तुम्ही?”

खरं सांगायचं तर याला उत्तर म्हणून मी जे बोललो ते उत्तर नव्हतं. म्हणालो, इतकी वर्षं चालवतोय, हात कधी बधिर होतात ते मला कळतं. तसं झालं तर मी थांबेन.

“बधिर हाताला विचारून काय कळणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे ओढ्याच्या पुढं तुम्ही इंडिकेटर द्यायला जाता आणि हॉर्न वाजतो. तुम्ही परत दाबता, परत हॉर्न. तुम्हाला वाटतं बटण बिघडलंय. मी मागं बसून समजतो, नानांचा अंगठा गेला.”

हे मात्र तंतोतंत खरं होतं. डाव्या मुठीवर दोन्ही बटणं एकाखाली एक असतात, आणि गारठलेल्या अंगठ्याला दोन्ही सारखीच लागतात. तरी मी हिशोबात शिरलो, कारण हिशोबात मला बरं वाटतं. ताशी पन्नास म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. बोटं अर्धा सेकंद उशिरा वळली तर सात मीटर जास्त. पुढं लासलगावकडून येणारी, मागं दिवा नसलेली कांद्याची ट्रॉली असेल तर सात मीटर पुरेसे आहेत. मग हळू जावं? पन्नासवरून तीसवर आलं तर थंडी जेमतेम सव्वा अंशानं कमी लागते, आणि रस्ता छत्तीस मिनिटांऐवजी तासभर चालतो. कमी गार, पण जास्त वेळ गार. जाड हातमोजे घातले तर लिव्हर नीट लागत नाही. छातीवर जर्किनच्या आत वर्तमानपत्र घालतोच. त्यानं धड ऊबदार राहतं, बोटांना फारसा फायदा नाही.

“हे सगळं बरोबर,” तो म्हणाला, “पण माझा प्रश्न वेगळा आहे. थांबायचं कधी, हे ठरवायचं कुणी?”

“जो चालवतो त्यानं. दोन डोकी लागली की गाडी खड्ड्यात जाते.”

“थांबायला चालवावं लागत नाही नाना. ओढ्याला मी पाठीवर थाप मारीन. तुम्ही हातमोजा काढून अंगठा करंगळीला लावून दाखवायचा. लागला तर पुढं. नाही लागला तर टपरीवर दहा मिनिटं, ग्लास हातात धरून.”

“आणि ती दहा मिनिटं लेट पंच झाला तर?”

“तर दहा मिनिटं आधी निघायचं.”

“म्हणजे दहा मिनिटं जास्त गार.”

इथं आम्ही बराच वेळ अडकलो. त्याचं म्हणणं, मागं बसणाऱ्याला थांबवायचा हक्क हवा, कारण स्वतःच्या जिवावर त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं. ना ब्रेक, ना आरसा. माझं म्हणणं, ज्याला वारा लागत नाही त्यानं वाऱ्यातल्या माणसाची परीक्षा घेणं मला पटत नाही. करंगळी दाखव म्हणजे काय, मी काय शाळेतला पोरगा आहे? माझ्या या बोलण्यात मुद्दा कमी आणि राग जास्त होता, हे त्याच्याही लक्षात आलं असणार. तो लगेच दुसरीकडं वळला.

“बरं, मग मी चालवतो सकाळी. वारा मी खातो. लायसन्स आहे माझ्याकडं.”

“नको. गाडी जुनी आहे. चोक किती वेळ ओढून ठेवायचा ते तुला कळायचं नाही.”

“चोक आठ दिवसांत कळतो.” त्यानं ग्लास उलटा ठेवला. “तुम्हाला वारा नकोय, पण हँडलही सोडवत नाही.”

मग तो एकदम द्राक्षांवर गेला. त्याच्या थोरल्या भावाची बाग आहे. कडाका पडला की भाऊ पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटवतो, विहिरीचं कोमट पाणी ठिबकनं सोडतो, नाहीतर मणी तडकतात. “बागेसाठी रातभर जागतो तो,” पोरगा म्हणाला, “पण घडांना कधी म्हणत नाही की माझ्यामुळं तुम्ही वाचलात.”

“घड पेट्रोलही वापरत नाहीत.”

“पण भाव देतात.”

सायरन वाजला आणि आम्ही उठलो. पेट्रोल सध्या निम्मंच आहे. पाठीवर थाप मारायला मी होकार दिलाय, करंगळीला नाही. तो म्हणतो, करंगळीशिवाय थापेला अर्थ नाही.