माफीचा साक्षीदार : प्रेक्षकाच्या कबुलीचा प्रश्न

रॉबर्ट आल्टमनचा ‘द डेलिंक्वेंट्स’ (१९५७) हा कॅन्सस सिटीत अवघ्या त्रेसष्ट हजार डॉलरांच्या आसपास उरकलेला चित्रपट श्रेष्ठ कलाकृती म्हणून क्वचितच पाहिला जातो. प्रेयसीच्या आईवडिलांनी भेटीस मज्जाव केलेला एक मुलगा टोळक्याच्या हाती सापडतो, आणि गोष्ट दारू, मारामारी, पेट्रोल पंपावरील लूट अशा पायऱ्या उतरत जाते. लक्षणीय आहे ती त्याची चौकट. प्रारंभी आणि अखेरीस एक निवेदक युवकांच्या गुन्हेगारीविषयी समाजाला बजावतो. मधल्या अवधीत प्रेक्षकाने ज्या बेफामपणाचा आस्वाद घेतला, त्याचे प्रायश्चित्त या निवेदनात परस्पर उरकले जाते. त्या काळच्या स्वस्त गुन्हेपटांचा हा रूढ व्यवहार होता. बोध ऐकून घेतला म्हणजे पाहण्यातले सुख निर्दोष ठरते काय, हा प्रश्न मात्र त्या चित्रपटांनी स्वतःला विचारला नाही.

मराठीत तो एका चित्रपटाच्या नावातच दडलेला आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात कलाशिक्षण घेणाऱ्या चार तरुणांनी दहा खून केले. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात त्यांना फाशी देण्यात आले. या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर आधारलेला राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ साली आला. नाना पाटेकर यांनी साकारलेला टोळीचा म्होरक्या प्रेक्षकांच्या लक्षात राहिला. शीर्षक मात्र त्याचे नाही, साथ सोडून साक्ष देणाऱ्याचे आहे.

हा साक्षीदार कायद्याने घडविलेली एक विलक्षण नैतिक व्यक्तिरेखा आहे. त्या खटल्याच्या वेळी लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ नुसार गुन्ह्यातील साथीदाराला माफी देता येत असे. अट एवढीच, की आपल्याला ठाऊक असलेले सारे त्याने पूर्णपणे आणि खरे सांगावे. १८७२ च्या पुरावा कायद्याने त्याच वेळी न्यायाधीशाला सावध केले होते, की साथीदाराच्या शब्दाला अन्य पुराव्याचा दुजोरा नसेल तर तो अविश्वसनीय मानता येईल. माफी मिळते, विश्वास मिळेलच असे नाही.

गुन्हेपटाचा प्रेक्षक हाही अशा माफीचा अर्जदार असतो. म्होरक्याच्या थंड क्रौर्याने तो भारावतो, आणि शेवट पाहून आपण कायद्याच्या बाजूला होतो असे जाहीर करतो. या जबाबात एकच गोष्ट गाळलेली असते : त्याचा स्वतःचा वाटा. बोधवादी निवेदनाचा दोष त्याच्या रुक्षपणात नाही, या गाळण्यात आहे.

असे गाळणे नाकारणारा आवाज मराठीत फार पूर्वी उठला होता, तोही बुलढाण्यातून. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली. पुढे ती काळ्या पाण्याच्या शिक्षेत बदलली. वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतीवर उपदेशांचा वर्षाव झाला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये उपदेशकांनाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. पुनर्विवाह कोणी निषिद्ध केला? त्या स्त्रीबरोबर असलेला पुरुष कोठे आहे? जबाब अपुरा आहे, असाच त्यांचा आक्षेप होता.

येथे एक भेद मात्र पुसता कामा नये. भयाने ग्रासलेली विधवा आणि घराघरांत शिरून गळे आवळणारी टोळी यांना एका तागडीत घालता येत नाही. ‘दोष समाजाचा’ या सूत्रात पुण्यातले दहा मृत्यू विरघळवून टाकणे म्हणजे त्या मृतांना दुसऱ्यांदा नाकारणे होय. शिवाय तेही एक निवेदनच, फक्त उलट्या दिशेचे. पूर्ण कबुलीने खुन्याची शिक्षा तसूभरही कमी होत नाही. बदलते ते पाहणाऱ्याचे स्थान. राजदत्तांच्या चित्रपटाकडे पुन्हा वळताना तपासावे लागेल ते हेच, की खुनाच्या दृश्यात कॅमेरा कोणाच्या खांद्यामागे उभा राहतो आणि बळी पडणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो किती वेळ थांबतो.