वाचलेला वेळ कोणाचा?



पुणे ते अमृतसर हे अंतर आकाशमार्गे सुमारे १,४५० किलोमीटर. विमान तासाला साधारण ८०० किलोमीटर जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तरी अडीच-पावणेतीन तासांत आपण अमृतसरला उतरतो. तिथून पुढे मोटारीने घुमाण. सकाळी काकडआरती करून निघालेला माणूस हरिपाठाच्या वेळेला नामदेवरायांच्या त्या गावात असू शकतो.

आता नामदेवरायांचा प्रवास आठवा. पंढरपूर ते घुमाण सरळ रेषेतच दीड हजार किलोमीटरहून अधिक. दिंडीच्या चालीने रोज वीस किलोमीटर धरले, तरी अडीच महिने लागतात. आणि पायवाट काही सरळ रेषेत जात नाही.

पण नामदेवराय तिथे पोहोचून लगेच परतले नाहीत. ते तिथल्या लोकांत राहिले, त्यांच्या बोलीत बोलले. त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने विराजमान आहेत. अंतर त्यांनी पायांनी कापले खरे, पण ते मिटले तिथे दिलेल्या वेळाने.

म्हणून विमान वाईट आणि पायी जाणे तेवढे पुण्याचे, असे म्हणू नका. गुडघे थकलेल्या म्हाताऱ्याला, आजारी आईकडे धावणाऱ्या लेकीला विमान म्हणजे देवाची कृपाच. उलट आळंदीपासून पंढरीपर्यंत चालूनही शेजारच्या वारकऱ्याची विचारपूस न करणारा मनाने घरीच राहिलेला असतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. अडीच महिन्यांची वाट अडीच तासांवर आली, तर हा वाचलेला वेळ कोणाचा? पूर्वी लेक दूरदेशी असला की ‘लांब आहे’ हे कारण खरे होते. आई-बापही ते मान्य करत. रजेची आणि तिकिटाच्या पैशांची अडचण आजही खरी आहे. पण ज्याला येणे जमते, तोही सकाळी येऊन संध्याकाळच्या विमानाची वेळ पाहत बसतो. म्हातारी ताट वाढते आणि त्याचे लक्ष घड्याळाकडे.

माउली, मला वाटते, त्या वाचलेल्या वेळावर पहिला हक्क ज्याच्या भेटीला आपण जातो त्याचा आहे. आपल्या पुंडलिकाचे तरी दुसरे काय सांगणे? देव दारी आला, तरी त्याने आई-वडिलांची सेवा अर्धी टाकली नाही. वीट पुढे केली आणि देवालाच थांबायला सांगितले. देव थांबला, अजून उभाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गावाकडचे तिकीट काढाल, तेव्हा जमल्यास परतीची तारीख एक दिवस पुढची घ्या. तो दिवस कुठल्याही कामाला लावू नका. आईजवळ नुसते बसा.