न पाठवलेला स्पेअर पार्ट

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ ही बार्ज भरकटली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. त्यांना शोधायला नौदलाच्या जहाजांबरोबर सी किंग हेलिकॉप्टरही गेली होती. याच जातीच्या हेलिकॉप्टरांवर १९९८ नंतर वेगळीच वेळ आली होती: स्पेअर पार्ट नाहीत म्हणून त्यातली कित्येक जमिनीवर बसून होती.

सी किंगचं मूळ डिझाइन अमेरिकेच्या सिकोर्स्कीचं, आपली हेलिकॉप्टर बांधली ब्रिटनच्या वेस्टलँडने. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि ब्रिटनमार्गे येणारे अमेरिकन भागही अडले. निर्बंध उठले ते सप्टेंबर २००१ मध्ये.

एखादा पार्ट न पाठवणं ही कृती आहे, की नुसतं काहीच न करणं?

निर्बंध घालणाऱ्याची बाजू कमकुवत नाही. सी किंग पाणबुड्या शोधतं, टॉर्पेडोही टाकतं. आज आपण टॉर्पेडो घेऊन निघालोय की बुडणाऱ्याला उचलायला, हे गिअरबॉक्सला कळत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनीसुद्धा खास संरक्षण दिलं ते केवळ वैद्यकीय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानांना. दोन्ही कामं करणाऱ्या यंत्राला ती सवलत नाही.

तरी मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. नवं हेलिकॉप्टर न विकणं वेगळं आणि विकलेल्या हेलिकॉप्टरचा पार्ट रोखणं वेगळं. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड कोसळले. कोड त्याचाच होता. पण लोक आपल्यावर विसंबून राहिले की ‘माझी वस्तू, माझी मर्जी’ एवढं म्हणून भागत नाही. तिथे अडले ते बिल्ड. इथे पाण्यात माणूस असतो.

आणि तो माणूस कोण, हे पार्ट रोखताना कुणालाच ठाऊक नसतं. समुद्रातल्या शोध आणि बचावाचा १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की संकटात सापडलेल्याला राष्ट्रीयत्व न विचारता मदत करा. म्हणजे पार्ट अडवणाऱ्या देशाचा खलाशीसुद्धा त्याच हेलिकॉप्टरची वाट बघत असू शकतो.

दूर कुठेतरी सही होते, तिचा हिशेब मात्र हँगरमध्ये मांडला जातो. साठा संपला की एका हेलिकॉप्टरचा पार्ट काढून दुसऱ्याला बसवतात. याला कॅनिबलायझेशन म्हणतात. दोन उडवायची की एकच, आणि एकच तर कोणतं, हा प्रश्न मग निर्बंधांशी काही संबंध नसलेल्या माणसांपुढे येतो.

जबाबदारी विकत घेणाऱ्याचीही आहेच. चाचण्या केल्या तर निर्बंध येतील, हे आपल्याला आधीच दिसत होतं. पार्टचा साठा करणं, ते इथे बनवायला शिकणं हेही बचावकार्यच. फक्त त्याचे फोटो निघत नाहीत.

म्हणून माझं उत्तर: पार्ट रोखणं ही कृतीच आहे. कधी ती योग्यही असेल. पण ती करणाऱ्याला ‘मी तर काहीच केलं नाही’ असं म्हणता येणार नाही.