न दिसणाऱ्या फासळ्या

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृति मुळापासून घडविणाऱ्यापुढें आरंभींच एक प्रश्न उभा राहतो. तो सुतारकामाचा वाटतो. पण पाहूं गेल्यास नीतिशास्त्राचा आहे. अखंड ठोकळा कोरून, वर पातळ पट्ट्या चिकटवूनही जहाज साधतें. किंवा खऱ्या जहाजाप्रमाणें कणा मांडून, त्यावर एकेक फासळी उभी करून, मग फळ्या बसवितां येतात. काम पुरें झालें कीं पाहणाऱ्यास दोहोंतला भेद कळत नाहीं. मग जें कोणालाच दिसावयाचें नाहीं त्यासाठीं महिनेच्या महिने खपणें हा प्रामाणिकपणा, कीं सोंवळेपणाचा अहंकार?

‘खऱ्याप्रमाणें केलें’ एवढें उत्तर पुरत नाहीं. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं बांधलेलें व १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज घ्या. तें आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाहावयास मिळतें. इंग्लंडांत ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला म्हणून तें मुंबईस, सागवानाचें बांधविलें. त्याची प्रतिकृति फुटास पाव इंच, म्हणजे १:४८ या प्रमाणांत सागाचीच केली, तर सागाच्या रेषा कांहीं ४८ पटींनीं बारीक होत नाहींत. चिमुकल्या फळीवर त्या ओरखड्यांसारख्या दिसतात. म्हणून जाणते कारागीर नाशपातीसारखें बारीक पोताचें लाकूड वापरतात. साग वाटावा म्हणून साग टाकावा लागतो! इंग्रज आरमाराच्या सतराव्या-अठराव्या शतकांतील नामांकित प्रतिकृतींत खालच्या फासळ्या मुद्दाम उघड्या ठेवीत. पण त्यांची मांडणीही बहुधा कारागिरांच्या संकेताची, प्रत्यक्ष जहाजाची नव्हे.

अनुकरणांत असत्य इतकें अपरिहार्य असेल, तर ठोकळा कोरणाऱ्यास खोटा म्हणण्याचा अधिकार कोणाला? माझ्या मतें कोणालाही नाहीं, जोंवर तो ठोकळ्याला ठोकळा म्हणतो तोंवर. फासळ्या उभारणारा जहाजाची पोटारी अशीच कां वळली हें आपल्या हातांनीं शिकतो. तो लाभ त्याचा त्याला पोंचतो. पुण्य म्हणून तो मिरविण्याचें कारण नाहीं.

परंतु ‘आंत सगळ्या फासळ्या आहेत’ असें सांगून तो जहाज दुसऱ्याच्या हवालीं करतो, तेव्हां प्रश्न पालटतो. घेणाऱ्याला त्या पाहावयाच्या तर जहाज फोडावें लागेल, आणि तें कोणी फोडीत नाहीं. अशा ठिकाणीं गाळलेली एक फासळीही मला सागाच्या जागीं घातलेल्या नाशपातीहून फार मोठें असत्य वाटतें.