गलबताला लागणारा वारा

शिडाचे गलबत चालवू पाहणाऱ्या नवख्याला नाळ, पठाण, डोलकाठी, परबाण, शीड, सुकाणू हे शब्द तासाभरात तोंडपाठ होतात. परंतु ‘वाऱ्याकडची बाजू’ आणि ‘वाऱ्याआडची बाजू’ असे कानी पडताच त्याची मती गोंधळते, कारण या बाजू लाकडात कोरलेल्या नसून गलबताने तोंड फिरवले की त्यांची अदलाबदल होते. ज्या शब्दाचा अर्थच वाऱ्याच्या स्वाधीन आहे, असा शब्द त्याने आजवर वापरलेला नसतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करणे आणि विविध चेष्टा यांच्या पंक्तीला पाचवे म्हणून दैव बसवले आहे. तेव्हा गलबत, नाखवा, शीड-सुकाणू, खलाशांची खटपट आणि वारा असा मेळ घालण्याचा मोह कोणासही व्हावा. मला मात्र इतक्या सहज जुळणाऱ्या रूपकाची धास्तीच वाटते. त्यात वारा म्हणजे जणू परक्या दरबारातून सुटलेले फर्मान ठरतो, आणि दर्यावर तसे नसते.

समजा, वारा ताशी 10 मैलांनी वाहत आहे व गलबत तो पाठीशी घेऊन ताशी 4 मैलांनी चालले आहे; खलाशाच्या पाठीला तेव्हा 6 मैलांचीच झुळूक लागते, आणि हवा मोठी प्रसन्न आहे असे मानून तो निर्धास्त होतो. परतताना वाऱ्याच्या उगमाकडे सरळ जाताच येत नाही. आडवा रेटा पाण्याखालच्या पठाणाने झेलावा आणि कधी डावीकडून, कधी उजवीकडून नागमोडी चढावे, एवढाच उपाय उरतो. याच चालीने, अर्ध्या काटकोनात, ते चढू लागले की अंगावर सुमारे 13 मैलांचा वारा येतो, व नवखा म्हणतो, वारा पिसाळला! वाऱ्याने मात्र काहीच केलेले नसते.

कर्मविपाकाचे शास्त्रकार आजच्या दैवात पूर्वजन्मीचे कर्म पाहतात. येथे तेवढाही विलंब नाही, कारण ज्या क्षणी वारा सोसायचा त्याच क्षणी आपली गती त्यात मिसळलेली असते. तिचा वाटा वगळून निव्वळ वारा जोखायचा, तर गलबत उभे करावे लागते. आणि उभ्या गलबताला सुकाणू लागत नाही.